डायलिसिस युनिटमधला जिवाणूसंसर्ग: रोखायचा कसा आणि पसरलाच तर आवरायचा कसा

डायलिसिस सुरू होऊन तास झाला की एखादा रुग्ण पांघरूण मागतो. अंग थरथरतं, दात वाजतात, थर्मामीटर ३८.५ अंश सेल्सिअस दाखवतो. पॅरासिटामॉल आणि फेनिरामिनचं इंजेक्शन दिलं जातं, पंधरा-वीस मिनिटांत थंडी ओसरते आणि चार तास पूर्ण करून रुग्ण घरी जातो. नोंदवहीत ‘रायगर्स, ट्रीटेड’ (थंडी वाजली, उपचार केले) एवढंच उरतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बेडवर हेच घडतं, फक्त शिफ्ट वेगळी आणि सिस्टर वेगळ्या असतात. त्यामुळे दोन्ही घटना कुणी शेजारी ठेवून बघत नाही. बहुतेक उद्रेक असेच सुरू होतात आणि असेच नजरेतून सुटतात.

हा लेख डायलिसिस टेक्निशियन, सिस्टर, युनिटप्रमुख आणि छोटं केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. कोल्हापूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण इथला पावसाळा, पूर आणि गगनबावड्यापासून चंदगडपर्यंत पसरलेले रुग्ण यांचा या विषयाशी थेट संबंध आहे. औषधांचे डोस मात्र नेफ्रॉलॉजिस्टनीच ठरवायचे. इथे भर आहे तो युनिट चालवण्यावर.

जिवाणू शिरतात कुठून

मुख्य दारं दोन, कॅथेटर (डायलिसिससाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) आणि पाणी. तिसरं दार म्हणजे एकापेक्षा जास्त रुग्णांना वापरलेली वस्तू: सलाइनची बाटली, हेपरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) व्हायल, चिकटपट्टीचा रोल, बीपीचा पट्टा. हात या तिन्ही दारांतून ये-जा करतात.

कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काय वाढलं यावरून दाराचा अंदाज येतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकाय आले तर त्वचा, नाक, हात आणि कॅथेटरचं तोंड यांच्याकडे बघा. बर्खोल्डेरिया सेपॅशिया, स्टेनोट्रोफोमोनास, राल्स्टोनिया, स्यूडोमोनास ही ओलाव्यात राहणारी मंडळी. ती आली की पाणी, बायकार्बोनेटचा कॅन, रियूजची (डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी नळी, धुऊन पुन्हा वापरण्याची) खोली, ड्रेन, किंवा पातळ करून ठेवलेलं अँटिसेप्टिक तपासायचं. बर्खोल्डेरिया तर पोव्हिडोन आयोडीन आणि क्लोरहेक्सिडीनच्या द्रावणातही जिवंत राहू शकतो. म्हणून अर्धी रिकामी बाटली नव्या द्रावणाने वरून भरून घेण्याची सवय आजच बंद करा. संपली की टाकायची आणि नवीन उघडायची, उघडल्याची तारीख लिहून.

कॅथेटर

फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली जागा) असलेल्या रुग्णापेक्षा कॅथेटरवाल्या रुग्णाला रक्तातल्या संसर्गाचा धोका कितीतरी पट जास्त असतो. त्यामुळे संसर्ग रोखण्याचा सगळ्यात परिणामकारक उपाय युनिटच्या बाहेर घडतो. रुग्णाची किडनी पूर्ण निकामी होण्याआधीच त्याला फिस्टुलासाठी सर्जनकडे पाठवायचं. प्रत्यक्षात आपल्याकडे पुष्कळ रुग्ण दम लागल्यावर रात्री येतात आणि मानेत तात्पुरतं कॅथेटर घालूनच सुरुवात होते. तो दिवस टळला नाही तरी तेच कॅथेटर तीन-चार महिने राहणं टाळता येतं. कॅथेटर असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलवर ‘फिस्टुला कधी, कोण करणार, तारीख’ असा रकाना ठेवा आणि दर महिन्याला वाचा. मांडीतलं कॅथेटर दिसलं की तो रकाना त्याच दिवशी भरला पाहिजे.

कॅथेटर जोडण्याची पद्धत खाली क्रमाने देत आहोत. यातली एकेक पायरी वेळ खाते आणि सकाळच्या पहिल्या शिफ्टच्या घाईत नेमकी तीच गाळली जाते.

१. रुग्ण आणि सिस्टर दोघांनीही मास्क लावायचा. रुग्णाने तोंड दुसऱ्या बाजूला वळवायचं. पंखा बंद.

२. हात साबणाने ४० ते ६० सेकंद, किंवा अल्कोहोल रबने २० ते ३० सेकंद. अंगठी-बांगड्या काढून. मग स्वच्छ ग्लोव्ह्ज.

३. कॅथेटरखाली निर्जंतुक टॉवेल. क्लॅम्प बंद असल्याची खात्री करून घ्यायची.

४. एका बाजूची टोपी काढायची आणि उघडं तोंड, आटे आणि कडा अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीनच्या पॅडने १५ सेकंद घासायच्या. सुकलेलं रक्त राहता कामा नये. दुसऱ्या बाजूसाठी नवं पॅड. टोपी लावलेली असताना वरून पुसणं म्हणजे हब (कॅथेटरचं तोंड) घासणं नव्हे. जिवाणू आट्यांच्या आत बसलेले असतात.

५. तोंड हवेत सुकू द्या. फुंकर नको, गॉजने टिपायचं नाही.

६. लगेच निर्जंतुक सिरिंज जोडायची. उघडं तोंड तसंच ठेवून सिरिंज शोधायला जायचं नाही, म्हणून सगळं साहित्य आधीच ट्रेमध्ये.

७. आतलं जुनं हेपरिन (लॉक, म्हणजे दोन फेऱ्यांच्या मध्ये कॅथेटरमध्ये भरून ठेवलेलं द्रावण) आणि थोडं रक्त ओढून टाकायचं, मग लाइन (मशीनची रक्ताची नळी) जोडायची. डायलिसिस संपल्यावर सोडतानाही हब घासणं पुन्हा तसंच, आणि टोप्या नव्या.

ड्रेसिंग बदलताना त्वचेवर ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त क्लोरहेक्सिडीन असलेलं अल्कोहोलयुक्त द्रावण वापरा. ते सोसत नसेल तर पोव्हिडोन आयोडीन. आयोडीन सुकायला दोनेक मिनिटं द्यावी लागतात. ओलं असतानाच पुसून घेतलं तर त्याचा उपयोग होत नाही. कॅथेटर त्वचेतून बाहेर येतं त्या जागी पोव्हिडोन आयोडीनचं किंवा अँटिबायोटिकचं मलम लावावं. मलमातला बेस कॅथेटरच्या प्लास्टिकला चालतो का, हे उत्पादकाच्या कागदावर आधी बघा. काही मलमांनी पॉलीयुरेथेनला तडे जातात.

घरची काळजी सांगताना सरळ भाषेत सांगा. मानेवरून पाणी घ्यायचं नाही. नदीत, विहिरीत डुंबायचं नाही. ड्रेसिंगवर हळद, भस्म, चुना काही लावायचं नाही. चैत्रात जोतिबाला जाणाऱ्या रुग्णाला वेगळं बजावा की गुलालाच्या गर्दीत मानेतलं कॅथेटर घेऊन जाऊ नये. जायचंच असेल तर जागा पूर्ण झाकलेली हवी आणि परतल्यावर ड्रेसिंग युनिटमध्येच बदलायचं. ड्रेसिंग ओलं झालं किंवा सुटलं तर पुढच्या फेरीची वाट न बघता यायचं.

फिस्टुलावाल्या रुग्णाने बेडवर बसण्याआधी हात साबणाने धुवावा. त्यासाठी वजनकाट्याजवळ कोपराने उघडणारा नळ, साबण आणि कागदी टॉवेल हवेत. जागा पुसून सुकल्यावर बोटाने पुन्हा चाचपायची नाही. चाचपली तर परत पुसायचं.

औषधं आणि सलाइन

औषधं बेडजवळ तयार करायची नाहीत. रक्ताचे नमुने, वापरलेल्या लाइन आणि मशीन यांपासून दूर एक स्वच्छ टेबल ठरवून घ्या आणि औषध तिथेच भरा. भरलेली सिरिंज एका रुग्णासाठी घेऊन जायची आणि उरलेलं परत आणायचं नाही. ट्रॉली बेड ते बेड फिरवायची नाही. हेपरिनची मोठी व्हायल वापरत असाल तर प्रत्येक वेळी रबर अल्कोहोलने घासून नवी सुई, नवी सिरिंज. व्हायलमध्ये सुई टोचून ठेवलेली दिसली की ती व्हायल फेकून द्या. एका बाटलीतून चार रुग्णांना सलाइन फ्लश देणं हा अजिबात न चालणारा प्रकार आहे. एक बाटली, एक रुग्ण, उरलेली ड्रेनमध्ये.

पाणी

निरोगी माणूस आठवड्याला साधारण १४ लिटर पाणी पितो आणि त्याच्यामध्ये व रक्तामध्ये आतडं असतं. डायलिसिसच्या रुग्णाच्या बाबतीत मिनिटाला ५०० मिलि या हिशेबाने चार तासांत १२० लिटर पाणी एका पातळ पडद्यापलीकडून जातं, आठवड्यात तीन फेऱ्या झाल्या तर ३६० लिटर. पडद्यातून अख्खा जिवाणू सहसा जात नाही. पण त्याच्या आवरणाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, जाऊ शकतात. म्हणून कल्चर निर्जंतुक येऊनही रुग्णाला थंडी-ताप येतो.

महापालिकेच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणूंना रोखून धरतो. आपण तो कार्बन टँकमध्ये काढून टाकतो, कारण क्लोरामाइन रक्तात गेलं तर लाल पेशी फुटतात. म्हणजे कार्बनच्या पुढचं सगळं पाणी जिवाणूंना मोकळं मैदान आहे. आरओ मेम्ब्रेन त्यांना अडवतं, पण त्यापुढची टाकी, लूप (शुद्ध पाणी मशीनपर्यंत फिरवणारी पाइपलाइन), मशीनला जोडणारी नळी इथे ते पुन्हा वाढतात आणि पाइपच्या भिंतीला चिकट थर धरतात. हा थर एकदा जमला की निर्जंतुकीकरणानंतर आठवडाभर आकडे चांगले येतात आणि मग पुन्हा चढतात. चढ-उताराचा असा आलेख दिसला तर रसायनाचा डोस वाढवण्याआधी पाइप बघा. वापरात नसलेली फांदी, बंद केलेला जुना पॉइंट, सपाट तळाची टाकी, हवेचा फिल्टर नसलेलं झाकण. टाकी ठेवायचीच असेल तर तळ शंकूच्या आकाराचा, झाकण घट्ट आणि हवेसाठी ०.२ मायक्रॉनचा फिल्टर हवा. टाकीशिवाय थेट लूपला पाणी देणारी रचना करता आली तर ती सर्वांत बरी.

आयएसओ २३५०० मालिकेनुसार डायलिसिसच्या पाण्यात जिवाणू मिलिलिटरला १०० सीएफयूपेक्षा (वाढलेल्या जिवाणू-वसाहतींची मोजणी) कमी आणि एंडोटॉक्सिन ०.२५ ईयूपेक्षा (एंडोटॉक्सिनचं एकक) कमी हवं. पण हालचाल त्याआधी, ५० सीएफयू किंवा ०.१२५ ईयू दिसताच करायची. ‘मर्यादेत आहे’ म्हणून ८० चा रिपोर्ट फाइलला लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अल्ट्राप्युअर, म्हणजे अतिशुद्ध, डायलायसेटसाठी (पडद्यापलीकडून फिरणाऱ्या द्रावणासाठी) निकष ०.१ सीएफयू आणि ०.०३ ईयूपेक्षा कमी, इतका कडक आहे.

नमुना घेताना बहुतेक चुका होतात. तो महिन्यातून एकदा तरी घ्यावा, आणि निर्जंतुकीकरण होण्याच्या आदल्या दिवशी. धुतल्यानंतर लगेच घेतलेला नमुना रसायनाचं कौतुक करतो, पाण्याची खरी स्थिती सांगत नाही. पॉइंट उघडून पाणी किमान एक मिनिट जोरात वाहू द्या. तोटी पुसायची तर ७० टक्के अल्कोहोलने आणि पूर्ण सुकू द्या. हायपोक्लोराइट वापरला तर त्याचा अंश बाटलीत जाऊन जिवाणू मरतात आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. आरओनंतर, लूपच्या सुरुवातीला, लूपच्या शेवटी, रियूजच्या नळावर आणि बायकार्ब मिसळतात तिथे असे नमुने घ्या. दर महिन्याला निदान दोन मशीनचं डायलायसेटही, वर्षभरात प्रत्येक मशीनची पाळी येईल असं. अर्ध्या तासात प्रयोगशाळेत देता येत नसेल तर बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा की आर२ए किंवा टीजीईए माध्यमावर १७ ते २३ अंशांना ७ दिवस ठेवायचं आहे. रक्ताच्या कल्चरसारखं ब्लड अगारवर ३७ अंशांना ठेवलं तर पाण्यातले सवयीचे जिवाणू उगवतच नाहीत आणि ‘नो ग्रोथ’ असा बिनकामाचा कागद हाती येतो.

एकूण क्लोरीन रोज, प्रत्येक शिफ्ट सुरू होण्याआधी तपासायचा. प्लांट किमान १५ मिनिटं चालल्यावर पहिल्या कार्बन टँकनंतरच्या तोटीतून नमुना. ०.१ पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) जास्त आला तर दुसऱ्या टँकनंतर बघा. तिथेही जास्त असेल तर एकही मशीन सुरू करायचं नाही. तपासणी ‘टोटल’ क्लोरीनची हवी. फ्री क्लोरीनच्या पट्टीवर क्लोरामाइन दिसत नाही.

पूर येतो तेव्हा

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत शहराची पाणी उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, नळ बंद झाले आणि शहर टँकरवर आलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद होता. डायलिसिस केंद्रासाठी हा पाण्याच्या गुणवत्तेचा आणि पुरवठ्याचा एकत्र पेच असतो.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. युनिटने आपली घंटा ३९ वर बांधून घ्यावी. त्या दिवशी कच्च्या पाण्याच्या टाक्या पूर्ण भरा. ५ आणि १ मायक्रॉनच्या काड्रिजचा जादा संच, सॉफ्टनरचं मीठ, क्लोरीनच्या पट्ट्या, रक्ताच्या कल्चर बाटल्या, डायलायझर आणि सलाइन पंधरा दिवस पुरेल असं मागवा. शिरोळ, गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडच्या रुग्णांना रस्ते बंद होण्याआधी एक फेरी करून घ्या आणि पाणी-पोटॅशियमचं पथ्य लिहून द्या. फेऱ्या चुकलेले रुग्ण नंतर दम लागलेल्या अवस्थेत येतात, घाईत कॅथेटर पडतं आणि पुरानंतरच्या महिन्यात त्यातून संसर्ग डोकं वर काढतात.

टँकरचं पाणी आलं तर आधी विचारा की ते महापालिकेचं की खाजगी विहिरीचं. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसेल तर कच्च्या टाकीतच जिवाणू वाढतात आणि कार्बन टँक त्यांचं घर बनतो. त्यात क्लोरीन मोजून घाला, ०.५ ते १ पीपीएम राहील असा, आणि कार्बननंतरची तपासणी दर शिफ्टला दोनदा करा. उलटही घडतं. गढूळ पाण्यामुळे शुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचा डोस वाढवला जातो आणि एरवी पुरणारा कार्बन अचानक अपुरा पडतो. ब्राझीलमधल्या कारुआरू इथे १९९६ साली नीट शुद्ध न केलेलं टँकरचं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं आणि त्यातल्या शेवाळी जिवाणूंच्या विषाने सुमारे ५० रुग्ण दगावले. ‘आरओ आहे, सगळं गाळून निघेल’ या विश्वासावर टँकरचा पाइप जोडायचा नाही.

प्लांट दोन-तीन दिवस बंद राहिला तर लूप निर्जंतुक केल्याशिवाय सुरू करू नका. रविवारी सुट्टी असणाऱ्या केंद्रातही लूपमधलं पाणी फिरतं ठेवावं लागतं. आरओच्या खोलीत पुराचं पाणी शिरलं असेल तर काड्रिज, कार्बन, मेम्ब्रेन बदलणं, पूर्ण निर्जंतुकीकरण आणि त्यानंतरचे नमुने चांगले येणं, एवढं झाल्याशिवाय रुग्ण दुसऱ्या केंद्राकडे पाठवावेत.

बायकार्ब कॅन आणि रियूज

अ‍ॅसिडच्या पार्टमध्ये जिवाणू टिकत नाहीत, बायकार्बमध्ये (डायलायसेट बनवताना मिसळायच्या बायकार्बोनेटच्या द्रावणात) ते आनंदाने वाढतात. द्रावण रोज ताजं करायचं आणि २४ तासांनंतर उरलेलं टाकायचं. जुन्यात नवं मिसळायचं नाही. दिवस संपला की कॅन डायलिसिसच्याच पाण्याने धुवायचा आणि उलटा टांगून वाळवायचा. नळाचं पाणी कॅनसाठी कधीच नाही. आठवड्यातून एकदा पातळ हायपोक्लोराइटने निर्जंतुक करून, अंश उरला नाही याची पट्टीने खात्री. पावसाळ्यात कॅन रात्रीत वाळत नाहीत, म्हणून कॅनचे दोन संच ठेवा आणि एक दिवसाआड वापरा. पावडरच्या बंद काड्रिजचं मशीन असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. नवीन मशीन घेताना हा खर्च हिशेबात धरावा.

डायलायझर एकदाच वापरून टाकणं सर्वांत सुरक्षित. परवडत नाही म्हणून रियूज करायचा असेल तर तो शिस्तीनेच. नाव, नोंदणी क्रमांक, कितव्यांदा वापर हे पुसलं न जाणाऱ्या लेबलवर लिहा. धुण्याचं पाणी वर सांगितलेल्या निकषातलंच हवं. आतलं आकारमान मूळच्या ८० टक्क्यांखाली गेलं किंवा दाबाच्या तपासणीत गळती दिसली की टाकून द्या. कॅप्सही निर्जंतुक द्रावणातल्याच. रसायनाची तीव्रता वापराआधी प्रत्येक डायलायझरमध्ये पट्टीने बघायची, कारण एका कॅनमधून मोजलेलं बरोबर असलं तरी एखाद्या डायलायझरच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहून द्रावण पोचलेलंच नसतं. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानातल्या एका केंद्रात २७ रुग्णांना क्षयाच्या जातकुळीतल्या, पण क्षय नसलेल्या मायकोबॅक्टेरियाचा संसर्ग झाला. रियूजमध्ये फॉर्माल्डिहाइड कमी तीव्रतेचं पडलं होतं. फॉर्मॅलिन वापरणाऱ्यांनी ४ टक्के आणि किमान २४ तास हे तेव्हापासून गाठीला बांधलेलं आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाचा डायलायझर रियूजला घ्यायचाच नाही.

मशीन, बेड, ड्रेन

रुग्ण बेडवरून उठून गेल्यावरच साफसफाई सुरू करायची. दोन शिफ्टमध्ये वेळच नसेल तर तो वेळ वेळापत्रकात घाला, मावशींना घाई करून तो मिळत नाही. ५ टक्के हायपोक्लोराइटचे १० मिलि आणि पाणी ९९० मिलि म्हणजे ५०० पीपीएम. मशीनचा बाहेरचा भाग, बटणं, बेडचे कठडे, बीपीचा पट्टा, प्रायमिंगची (सुरुवातीला लाइन सलाइनने भरून धुतात तेव्हाची) बादली यांसाठी. रक्त सांडलं असेल तर आधी टिपून, मग १०० मिलि आणि पाणी ९०० मिलि, म्हणजे ५००० पीपीएम. द्रावण रोज नवं. मूळ बाटलीही उन्हात ठेवली तर कमजोर होते. मशीनच्या आतलं हीट डिसइन्फेक्शन दिवसअखेर, आणि बायकार्बचा खडू साचू नये म्हणून सायट्रिक अ‍ॅसिड. खडूचा थर असला की त्याखालच्या जिवाणूंपर्यंत ना उष्णता पोचते ना रसायन.

ड्रेनकडे फार कमी लोक बघतात. मशीनची ड्रेनची नळी भिंतीतल्या पाइपात खोल खुपसलेली असेल, पाइप तुंबत असेल, किंवा भिंतीतल्या बॉक्समध्ये पाणी साचत असेल तर तिथले जिवाणू सिस्टरच्या हातावरून थेट कॅथेटरकडे जातात. नळीचं टोक आणि पाइप यांच्यात हवेचं अंतर हवं. प्रायमिंगचं पाणी सोडण्यासाठी मशीनवरच भोक असेल तर त्याचा व्हॉल्व्ह उलटा प्रवाह खरोखर अडवतो का, हे रोज तपासा.

जैववैद्यकीय कचऱ्याचा नियम २०१६ चाच. लाइन आणि डायलायझर लाल पिशवीत, सुया पांढऱ्या टोचणार नाही अशा डब्यात, रक्ताळलेलं गॉज पिवळ्यात.

आकडा ठेवा

महिन्याच्या पहिल्या दोन कामाच्या दिवसांत किती रुग्णांनी डायलिसिस घेतलं ते मोजा, हा झाला छेद. अंश म्हणजे त्या महिन्यात युनिटमध्ये, किंवा दवाखान्यात भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत घेतलेल्या रक्तातली पॉझिटिव्ह कल्चर. त्याच रुग्णाची २१ दिवसांच्या आतली दुसरी धरायची नाही. ६० रुग्ण, २ घटना म्हणजे १०० रुग्ण-महिन्यांना ३.३. पण त्या ६० पैकी १८ जणांना कॅथेटर असेल आणि दोन्ही घटना त्यांच्यातल्याच असतील तर कॅथेटरचा दर ११.१ येतो. एकत्र दर नेहमी खोटा दिलासा देतो, म्हणून दोन्ही वेगळे लिहा. कॅथेटर आत शिरतं तिथे पू, लाली, सूज किती जणांना आणि शिरेतून अँटिबायोटिक किती जणांना सुरू झालं हेही त्याच कागदावर, आणि कागद भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा.

पहिला ताप आला की

आधी ताप नसलेल्या रुग्णाला डायलिसिसदरम्यान थंडी वाजली किंवा तापमान ३७.८ च्या वर गेलं, तर क्रम असा. अल्ट्राफिल्ट्रेशन (अंगातलं जास्तीचं पाणी काढणं) थांबवा, बीपी आणि ऑक्सिजन बघा, डॉक्टरांना बोलवा. अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताच्या दोन कल्चर घ्या. प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि, शक्य तर एक कॅथेटरमधून किंवा लाइनमधून आणि एक हाताच्या शिरेतून. फिस्टुलाचा हात वाचवण्यासाठी शीर मिळत नसेल तर दोन्ही लाइनमधून, वेगवेगळ्या वेळी. मशीनमधून डायलायसेटचा नमुना त्याच वेळी घ्या, तासाभराने उपयोग नाही. डायलायझर, लाइन, सलाइनची बाटली, हेपरिनची व्हायल पिशवीत बंद करून नाव-वेळ लिहून फ्रीजमध्ये. पाणी किंवा डायलायझर दूषित असल्याचा संशय असेल तर रक्त परत द्यायचं का, हा निर्णय डॉक्टरांचा. लाइनमधलं रक्त गडद लालसर, पारदर्शक दिसत असेल तर ते परत द्यायचंच नाही.

एकाच शिफ्टमध्ये दोघांना थंडी वाजली तर उरलेल्या सगळ्यांचं डायलायसेट बायपासवर टाका, म्हणजे ते डायलायझरकडे जाणार नाही, आणि पाणी तपासा. पॅरासिटामॉलवर शिफ्ट पूर्ण करून घेण्याची ही वेळ नाही.

उद्रेक आहे असं धरून काम

एकाच जातीचा पाण्यातला जिवाणू दोन रुग्णांच्या रक्तात, किंवा कुठलाही संसर्ग नेहमीच्या दरापेक्षा ठळक जास्त, एवढं झालं की रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीला त्याच दिवशी कळवा. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला फोन करून सांगा की आलेले जिवाणू फेकू नका, जपून ठेवा. नंतर जुळवायला तेच लागतात.

मग व्याख्या लिहा. उदाहरणार्थ, ‘१ जूनपासून या युनिटमध्ये डायलिसिस घेतलेला आणि रक्तात ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू वाढलेला तो नक्की रुग्ण, आधी ताप नसताना डायलिसिसमध्ये थंडी-ताप आलेला तो संशयित.’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी जुनी नोंदवही तीन महिने मागे चाळा. तिथे ‘रायगर्स, ट्रीटेड’ अशा ओळी सापडतातच.

यादीत रकाने असे: तारीख, शिफ्ट, बेड, मशीन, कॅथेटर की फिस्टुला, डायलायझर कितव्यांदा, बायकार्बचा कॅन, हेपरिन आणि सलाइनचा बॅच, सिस्टर, टेक्निशियन, सुरुवातीपासून किती मिनिटांनी ताप, कल्चर. आजारी न पडलेल्यांचीही अशीच यादी करा. समजा आजारी ८ पैकी ७ जणांचा डायलायझर रियूजचा होता आणि न पडलेल्या ४० पैकी १० जणांचा, तर पाऊल रियूजच्या खोलीकडे वळतं. न पडलेल्यांतही ३५ जण रियूजचे निघाले तर ते कारण जवळजवळ बाद.

यादी बोलते कशी? सगळे सोमवारच्या पहिल्या शिफ्टचे असतील तर रविवारी साचलेला लूप. एकाच मशीनवर वेगवेगळ्या दिवशी असतील तर त्या मशीनचा आतला भाग किंवा ड्रेन. फक्त कॅथेटरवाले, मशीन वेगवेगळी: हब, लॉकचं द्रावण, अँटिसेप्टिकची बाटली, हात. साधारण तासाभराने सगळ्यांना ताप आणि कल्चर स्वच्छ: एंडोटॉक्सिन. जोडल्या-जोडल्या पहिल्या अर्ध्या तासात थंडी: कॅथेटरच्या आतला थर रक्तात उडाला, किंवा लॉकमध्येच काही आहे.

नमुने आधी, धुणं नंतर. घाबरून त्याच रात्री सगळा लूप पेरासेटिक अ‍ॅसिडने धुऊन काढला की कारण कायमचं हरवतं आणि महिन्याने ताप परत येतो. पाणी, डायलायसेट, कॅन, उघड्या व्हायल, अँटिसेप्टिक, ड्रेन, हात धुण्याचा नळ यांचे नमुने घेऊन झाले की लगेच, रिपोर्टची वाट न बघता, थांबवण्याचे उपाय करा. रियूज बंद, उघडी औषधं आणि द्रावणं बाद, संशयित मशीन बाजूला, लूप आणि आरओ निर्जंतुक. आरओच्या पॉलीअमाइड मेम्ब्रेनला हायपोक्लोराइट चालत नाही, त्याला पेरासेटिकच. एखाद्या बॅचवरच संशय असेल तर बॅच क्रमांकासह उत्पादकाला आणि अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवा.

उपचारात दोन गोष्टींवर युनिटने लक्ष ठेवावं. ऑरियस, स्यूडोमोनास किंवा बुरशी आली, अथवा दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही, तर कॅथेटर काढण्याचा निर्णय लांबवू नये. ‘पुन्हा शीर मिळणार नाही’ म्हणून ठेवलेलं कॅथेटर हृदयाच्या झडपेपर्यंत आणि मणक्यापर्यंत संसर्ग नेतं. आणि अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर आठवड्याने पुन्हा कल्चर.

या काळात सिस्टरना आणि मावशींना ओरडून काहीच निष्पन्न होत नाही. उलट माणसं ताप लपवायला लागतात. त्याऐवजी एक जण हातात यादी घेऊन उभा राहावा आणि दहा कॅथेटर जोडण्या बघाव्यात: किती वेळा हब १५ सेकंद घासला गेला, किती वेळा ग्लोव्ह्ज बदलले. आकडा त्याच दिवशी सगळ्यांसमोर ठेवावा. घासण्यासाठी पॅडच कपाटात कमी होती, असं कारण अनेकदा तिथेच बाहेर येतं आणि ते सोडवणं व्यवस्थापनाचं काम असतं.

लूप धुतल्यावर रसायनाचा अंश नाही हे पट्टीने बघून डायलिसिस सुरू करता येतं, पण सलग तीन आठवडे दर आठवड्याला पाण्याचे नमुने आणि तीन महिने रोजची तापाची नोंद चालू ठेवा. रियूज पुन्हा सुरू करायचा की नाही हे त्या आकड्यांवर ठरवा.

रुग्णांना आणि नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगा: काय झालं, काय बंद केलं, त्यांनी काय बघायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून येणाऱ्या रुग्णाला ‘बोललो तर आपलं डायलिसिस बंद होईल’ अशी भीती असते, ती शब्दांत काढून टाका. त्यांच्या डायलिसिस कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘डायलिसिसचा रुग्ण. ताप किंवा थंडी आल्यास अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यावं आणि युनिटला फोन करावा.’ खाली रात्रीही उचलला जाईल असा नंबर. राधानगरीच्या आत राहणारा रुग्ण रात्री तापाने फणफणला तर तो आधी गावातल्या डॉक्टरांकडेच जाणार. तिथे सलाइन-इंजेक्शन होऊन तो आपल्याकडे आला की कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि यादीतली एक ओळ कोरी राहते. म्हणून कार्ड दोन करा, एक रुग्णाच्या खिशात आणि एक त्या गावातल्या डॉक्टरांच्या टेबलावर.